सहा मुठींची कंपनी

नवरा गेला तेव्हा सासरच्या मंडळींनी गुणवंती नाखवाला सल्ला दिला होता की लालबागचा डंक विकून टाक आणि शीवच्या कोळीवाड्यात येऊन मासळीची पाटी घे. गुणवंतीने सगळ्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, सगळ्यांना चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डंकाचं शटर स्वतःच्या हाताने वर केलं. विजेवर धाडधाड आपटणारी ती मसाला कांडायची लोखंडी मुसळं त्या दिवसापासून तिच्याच हुकुमात होती. तिचा दीर जगन तेव्हा म्हणाला होता, वहिनीला एकदा ‘नको’ म्हणून बघा, मग ती ते हमखास करतेच.

पण गिरण्यांचा संप म्हणजे काही सासरची मंडळी नव्हे. त्याला चहा पाजून वाटेला लावता येत नव्हतं. संपाला दुसरा उन्हाळा लागला, आणि गिरणगावातल्या खाणावळी एकामागून एक मिटल्या. डंकावर तयार होणारा नाखवा मसाला सगळा जायचा तो त्या खाणावळींत. जेवणारा माणूसच कोकणात नाहीतर घाटावर आपल्या गावी जाऊन बसला, तर त्याच्या कालवणातला मसाला कोण घेणार? ऐन मिरचीच्या दिवसांत, जेव्हा लालबागच्या गल्लीत शिंकल्याशिवाय माणूस पुढे सरकत नसे, तेव्हा गुणवंतीचा डंक दुपारपर्यंत गप्प होऊन जाई.

तिच्याकडे कामाला असलेल्या बायका सगळ्या संपकऱ्यांच्या. पूर्वी त्यांचा पगार म्हणजे वरखर्चाला आधार होता. आता त्या पगारावरच चूल पेटत होती. त्यांतली दुर्गा परब सगळ्यांत तिखट. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता, आता घरी. पोरांना तिने मालवणला आईजवळ ठेवलं होतं. ती कामाला आली की आधी भांडायची, मग मिरच्यांचे देठ खुडायला बसायची. गुणवंतीला तिचं भांडण आवडत असे. जी भांडते ती अजून हरलेली नाही, असा तिचा साधा हिशोब होता.

अशात एक दिवस दादरहून टॅक्सी करून जर्ट्रूड डिमेलो आल्या. या ईस्ट इंडियन बाई, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती घराण्यातल्या. पोर्तुगीज चर्चच्या मागे त्यांचं जुनं घर, आणि घोडपदेवला ‘डिमेलो बॉटल मसाला’चा छोटा कारखाना. हा मसाला बिअरच्या गडद बाटल्यांत दाबून दाबून भरतात, म्हणून त्याचं नाव तसं. दोघींची ओळख मिरचीच्या घाऊक बाजारातली. एकाच गोणीवर दोघींनी एकदा हात ठेवला होता आणि दोघींनीही तो काढला नव्हता. तेव्हापासून मैत्री.

जर्ट्रूडबाई स्टुलावर टेकल्या, पदराने वारा घेतला आणि सरळ विचारलं, “गुणवंती, तुला माझी कंपनी पाहिजे का?”

“विकताय?”

“विकायची असती तर गिऱ्हाईक उभं आहे. मोठी पार्टी आहे. त्यांना नाव पाहिजे, बाटलीवरचं लेबल पाहिजे. बायका नकोत.” त्या जरा थांबल्या. “मला बोटीवरच्या किचनची ऑर्डर आलीय. एवढी मोठी आजवर आली नव्हती. पावसाच्या आत माल द्यायचा. माझ्या सहा बायका, सगळ्या पिकल्या पानासारख्या. माझ्या एकटीच्याने होत नाही. तुझ्याकडे डंक आहे, जागा आहे, तरणे हात आहेत. दोन्ही मिळून एक कंपनी करू. चालव तू. मला आता जिनेसुद्धा चढवत नाहीत.”

“आणि अट?”

“एकच. माझ्या सहाजणींना कुणी जा म्हणायचं नाही.”

“माझ्या बायकांनाही कुणी म्हणणार नाही,” गुणवंती म्हणाली. एवढंच बोलणं झालं. पुढे महिनाभर जे काही झालं ते या दोन वाक्यांचं ओझं वाहण्यातच गेलं.

जगन गिरणीच्या ऑफिसात कारकून होता. संपात तोही घरी बसला आणि वहिनीच्या डंकाचं लिहिणं-पुसणं बघू लागला. माणूस वाईट नव्हता, पण चार बुकं शिकल्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीत एक माणूस जास्त दिसायचा. तो म्हणाला, “वहिनी, दोन कंपन्या एक झाल्या की एका खुर्चीवर दोन माणसं होतात. एकाला उठावंच लागतं. जगभर हेच चालतं.”

“मग खुर्ची काढ,” गुणवंती म्हणाली. “सतरंजी घाल.”

“ऑर्डर चुकली तर सतरंजीपण जाईल.”

हे मात्र खरं होतं, आणि ते गुणवंतीलाही ठाऊक होतं. बोटीची ऑर्डर पुरी झाली तरच सगळ्यांना काम होतं. नाही झाली तर घोडपदेवचं दार बंद, लालबागचं शटर खाली, आणि दोन्हीकडच्या बायका रस्त्यावर.

गिरगावात एका वकिलाच्या ऑफिसात सह्या झाल्या. लाकडी जिना चढताना जर्ट्रूडबाईंनी दोनदा दम घेतला. सह्या झाल्यावर वकील पेढा पुढे करत म्हणाला, “अभिनंदन, आता तुम्ही एक झालात.”

“लग्नात फादरही असंच म्हणतो,” जर्ट्रूडबाई म्हणाल्या. “खरं काय ते घरी गेल्यावर कळतं.”

घरी गेल्यावर काय कळणार होतं, ते सांगायचं तर आधी डिमेलोंच्या कारखान्यातली रीत सांगायला हवी. मिरची, धणे, हळद हे सगळं तिथे उघड्यावर. पण मसाल्याचा जीव ज्यात, ते नाकेसर, मायपत्री, दगडफूल, तिरफळ आणि आणखी कायकाय, ते सहा बायकांत वाटलेलं. प्रत्येकीची एक मूठ. कोठीत एकटीने जायचं, आपापल्या वस्तू मातीच्या खापरात भाजायच्या, पुरचुंडीत बांधायच्या आणि वेळ आली की उखळात टाकायच्या. वाण्याला ठाऊक काय आणलं ते. किती घातलं ते जिचं तिला. जर्ट्रूडबाईंच्या सासूने ही वाटणी केली होती, कारण त्यांच्या काळात एका कांडपिणीला दुसऱ्या कुणीतरी फितवून नेलं होतं. मूठ आईकडून लेकीकडे जायची. पण आता लेकी टायपिस्ट झाल्या, नर्स झाल्या, आखातात नाहीतर कॅनडात गेल्या, आणि सहा मुठी सहा म्हाताऱ्यांच्या हातातच राहिल्या. जर्ट्रूडबाई मालकीण खऱ्या, पण स्वतःच्या नावाचा मसाला त्यांना पुरता येत नव्हता.

एवढं गुणवंतीला माहीत होतं. एक गोष्ट मात्र तिला कुणी सांगितली नाही. एक बाई मूठ टाकायला उठली की उरलेल्या पाचजणी भिंतीकडे तोंड करतात आणि मारियाची प्रार्थना म्हणतात. प्रार्थना संपेपर्यंत मूठ पडलेली असते. हे सांगायचं राहून गेलं, कारण घोडपदेवला ते सांगायची गोष्टच नव्हती. आपल्या घरात उंबरा कुठे आहे हे कुणी पाहुण्याला सांगत बसतं का? पाहुणा अडखळला की मग आठवण होते.

आणि लालबागच्या डंकाचा धर्म नेमका उलटा. तिथे ज्याचा मसाला त्याने डोळ्यांसमोर कांडून घ्यायचा. बायका घरून मिरच्या आणतात, डंकापाशी ठाण मांडून बसतात, आणि शेवटची चिमूट पिशवीत पडेपर्यंत नजर हलवत नाहीत. डंकवालीही त्यांना समोरच बसवते. नजरेआड कांडला तो भेसळीचा, असं तिथे पोरंसोरंही मानतात. गुणवंतीच्या लेखी बघणं म्हणजेच विश्वास होता.

पहिल्या दिवशी तिने लालबागच्या डंकावर दोन्हीकडच्या बायकांना गूळ-खोबरं वाटलं. जेवायला मात्र सहा म्हाताऱ्या एका भिंतीला आणि लालबागवाल्या दुसऱ्या भिंतीला. मधल्या जागेत मांजर झोपलं. हळूहळू बोंबलाच्या चटणीवरून बोलणं निघालं, कुणीतरी कुणालातरी चव दिली, आणि गुणवंतीला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

दुपारी मूठ टाकायची वेळ झाली. सहाजणींत वडीलधारी रोझ. घोडपदेवला राहणारी, सुकट खाऊन सुकटीसारखीच झालेली, पण मान ताठ. ती पुरचुंडी घेऊन उठली. बाकीच्या पाचजणी भिंतीकडे वळल्या आणि पुटपुटू लागल्या. लालबागवाल्या बायकांत खसखस पिकली.

“ह्यो काय खेळ?” दुर्गा म्हणाली. “लपंडाव?”

गुणवंती डंकाच्या शेजारी नेहमीच्या जागी बसली होती. पाहुण्या कारागिरणीचा मान म्हणून ती उलट थोडी पुढेच वाकली. रोझ उखळापाशी येऊन थांबली. मूठ उघडेना.

“तोंड फिरव,” रोझ म्हणाली.

गुणवंती हसली. “माझ्याच डंकावर मी तोंड फिरवू, मावशी?”

ती गमतीनेच म्हणाली होती, पण बायका मोठ्याने हसल्या, आणि हसू झाल्यावर शब्द तेवढा शिल्लक राहिला. माझ्याच डंकावर. रोझने पुरचुंडीची गाठ पुन्हा आवळली, ती कमरेला खोचली आणि चपला शोधू लागली. पाचजणींनी प्रार्थना अर्ध्यावर सोडली आणि तिच्यामागे निघाल्या. गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. उखळात अर्धवट कांडलेली मिरची तशीच लालभडक पडून राहिली.

नंतरचे दिवस वाईट गेले. जगनने वाण्याकडून सामानाचा अंदाज घेऊन स्वतःच मसाला जुळवायचा घाट घातला. दुर्गाने चिमूट जिभेवर ठेवली आणि म्हणाली, “भावजी, ही रांगोळी हा. दारात घाला.” जगन रागावला, पण त्यानेही पुन्हा प्रयत्न केला नाही.

गुणवंती दादरला गेली. जर्ट्रूडबाईंनी सगळं ऐकून कपाळावर हात मारला. “माझी चूक. सांगायला पाहिजे होतं.” मग हळूच म्हणाल्या, “हे बघ, मी हुकूम केला तर त्या सांगतील. जन्म गेला त्यांचा माझ्याकडे. मला नाही म्हणणार नाहीत. सगळ्या मुठी एका दिवसात तुझ्या हातात येतील. करू?”

खोटं कशाला सांगायचं, गुणवंतीला मोह झाला. एका दिवसात प्रश्न मिटत होता. ऑर्डर होत होती, तिच्या बायकांच्या चुली पेटत होत्या, आणि चूक कुणाची हे विचारायला कुणी राहिलं नसतं. पण तिच्या डोळ्यांसमोर पुढचा दिवस आला. सहाजणींनी सांगितलं, की त्या रिकाम्या. मग जगन म्हणणार, वहिनी, आता यांचं काय काम? आज ती त्याला गप्प करील. पण पुढल्या वर्षी मंदी आली, की तिच्याच तोंडून तेच निघणार नाही कशावरून? तिला स्वतःची खात्री देता येईना.

“नको,” ती म्हणाली. “हुकुमाने उघडलेल्या मुठीत नुसता मसाला येईल. बाई यायची नाही.”

“मग काय करशील?”

“करीन काहीतरी.”

ती तशीच घोडपदेवला गेली. रोझ चाळीच्या गॅलरीत बसून कांदे सोलत होती. तिने गुणवंतीला बस म्हटलं नाही, पण पाट पायाने पुढे सरकवला.

“मावशी, चुकलं माझं. तुमची रीत मला ठाऊक नव्हती.”

“रीत गेली चुलीत,” रोझ म्हणाली. “मला काय तुझ्या बघण्याचं दुखत नाय. तू बघशील, शिकशील. हुशार बाई हायेस. आन मग? मूठ उघडली का हात रिकामा, बाय. रिकाम्या हाताला कोण पगार देतो?”

“मी देईन. शब्द दिलाय मी.”

“शब्द!” रोझने कांदा ताटात टाकला. “तुझी सासू राधाबाई कुठं मिसळायची मसाला? माळ्यावर, दार लावून. आन तू? तूपन माळ्यावर, दार लावून. तुझ्याच बायकांनी सांगितलं, जेवताना. तुझं दार बंद, आन आमच्या मुठीवर डोळा! ही कुठली रीत गो?”

रोझने तिला चहा दिला. तो पिऊन ती चालत निघाली. वाटेत एका बंद गिरणीच्या फाटकासमोर चारदोन माणसं कापडी फलकाखाली बसली होती. एकाने तिला ओळखून हात केला. तिनेही केला. त्या माणसांना गिरणी चालवायची सगळी विद्या येत होती, तरी ती फाटकाबाहेरच होती. हा विचार तिला नीट शब्दांत सुचला नाही, पण चालता चालता छातीत रुतून बसला.

रोझ बोलली त्यात खोट नव्हती. नाखवा मसाल्यातल्या गरम वस्तूंचं प्रमाण सासूने मरणापूर्वी तिच्या एकटीच्या कानात सांगितलं होतं. कोळणीचा मसाला सुनेकडे जातो, लेकीकडे नाही, दिराकडे तर नाहीच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून राधाबाईने तिचा हात स्वतःच्या हातात मिटवला होता. त्या झाकल्या मुठीवरच गुणवंती इतकी वर्षं मालकीण होती. सासरच्या मंडळींना चहा पाजून वाटेला लावायची हिंमत आली ती तिथूनच. डंक कुणीही घेऊ शकतो. नाखवा मसाला गुणवंतीशिवाय होत नव्हता. ती मूठ सोडायची म्हटल्यावर तिला भीती वाटली. लालबागला पोचेपर्यंत ती भीती काही गेली नाही. पण तोवर काय करायचं ते ठरलं होतं, आणि ठरल्यावर भीतीला विचारायची तिची पद्धत नव्हती.

रविवारी चर्चमधला मास आटोपल्यावर जर्ट्रूडबाई सहाजणींना घेऊन लालबागला आल्या. “कामाला नाही, नुसतं बसायला,” असं सांगून त्यांनी आणलं होतं. लालबागवाल्याही सगळ्या होत्या. शटर पूर्ण वर. गुणवंतीने माळ्यावरचे डबे एकेक करून खाली आणले आणि सतरंजीवर ओळीने मांडले. मधोमध शेगडी, वर लोखंडी कढई.

“रोझमावशी, तुम्ही पुढे बसा. इथून सगळं दिसेल.”

जगनच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. तो कानाशी आला. “वहिनी, काय करतेस? आईने तुला काय सांगितलं होतं?”

“आईने मसाला जगवायला सांगितलं होतं,” गुणवंती म्हणाली. “बस खाली. तूही शीक.”

मग तिने लवंग घेतली. ओंजळीत घेऊन सगळ्यांना दाखवली. “एवढ्या मिरचीला एवढी.” दालचिनी. “ही हाताने मोडायची, बत्त्याने नाही.” काळी मिरी, चक्रीफूल, जायपत्री, हळकुंड. कुठलं तेलात तळायचं, कुठलं कोरडं भाजायचं, कुठलं नुसतं ऊन दाखवून घालायचं. बायका श्वास धरून बघत होत्या. इतकी वर्षं ज्या माळ्याच्या दाराकडे त्या चोरून पाहायच्या, तो माळा सतरंजीवर उतरला होता.

अर्ध्यावर दुर्गा उठून उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं, आणि दुर्गाच्या डोळ्यांत पाणी आलं की समोरच्याने सांभाळून राहायचं.

“बाई, आमी तुमच्याकडे इतकी वर्सा राबलंव. आमका कधी दाखवलात नाय. आज ह्या परक्या बायकांका दाखवतास?”

“होय, दुर्गे,” गुणवंती म्हणाली. “तुमच्यापासून लपवला. वाटायचं, तुम्हाला आला तर मला कोण विचारणार? यांनाही तेच वाटतंय. तुझी काय मूठ आहे ते मला ठाऊक नाही, पण तुलाही कुठेतरी असंच वाटत असणार. आता बस, हिंगाकडे लक्ष दे. यातच सगळे चुकतात.”

दुर्गा उभीच राहिली. मग बसली, पण पुढे सरकून, रोझच्या अगदी गुडघ्याला गुडघा लावून.

शेवटची वस्तू पडली तेव्हा गुणवंतीने हात झटकले. “झालं. आजपासून नाखवा मसाला इथल्या कुणालाही येतो. मला वगळून उद्या तुम्ही दुसरीकडे डंक लावलात तरी हाच मसाला निघेल.” तिने सहाजणींकडे पाहिलं. “आता माझं म्हणणं. प्रत्येक मुठीबरोबर एक शिकणारी बसेल. मूठ त्या दोघींचीच, तिसरीची नाही. माझी नाही, जगनची नाही. शिकवली म्हणून कुणी घरी जायचं नाही. हात चालेनासे झाले तर बसून शिकवायचं, पगार तोच.”

“हे लिहून देशील?” रोझने विचारलं. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

“देईन. वकील गिरगावात बसलाच आहे. पण मावशी, कागदावर तर गिरण्याही चालू आहेत.” बायकांतून कुणीतरी दुखरं हसलं. “म्हणून कागदाच्या आधी हे दिलं. मी शब्द मोडला, तर माझ्याच मसाल्याने मला बुडवा. तुमच्या हातात आहे.”

जर्ट्रूडबाई रुमालाने चष्मा पुसत राहिल्या. कढईतून धूर येत होता. रोझ पुढे झुकली, तिने हिंगाचा एक खडा बोटाने उचलला, दाताखाली फोडला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

“करपलाय गो तुझा हिंग.”

“बोलण्याच्या नादात,” गुणवंती म्हणाली.

“राधाबाईने कानाखाली काढली असती.” मग रोझने त्या दिवसापासून कमरेलाच असलेली पुरचुंडी सोडली. पाचजणींना विचारायची तिला गरज वाटली नाही. तिने नुसतं एकेकीकडे पाहिलं, आणि एकेक मान हलली. तिची नजर लालबागवाल्या बायकांवरून फिरत फिरत दुर्गावर येऊन थांबली. “तू. इथं ये.”

“मी? मगाशी मीच तुमका परक्या म्हटलंय.”

“म्हणून तर. भांडणारी बाई कायपन विसरत नाय. कान इकडं कर.”

दुर्गाने कान पुढे केला. तिचा चेहरा, कधी नव्हे तो, एकदम लहान मुलीसारखा झाला.

पाचजणी भिंतीकडे वळल्या. लालबागवाल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. या वेळी कुणी हसलं नाही. एक वळली, मग दुसरी, मग सगळ्याच. प्रार्थना त्यांना येत नव्हती. एकीने आपल्या देवाचं नाव घेतलं, दुसरी नुसतीच डोळे मिटून उभी राहिली. जर्ट्रूडबाईही वळल्या. गुणवंती उठली, जगनच्या दंडाला धरलं आणि त्याला घेऊन सरळ शटरबाहेर गल्लीत गेली.

बाहेर ऊन रणरणत होतं. समोरच्या चाळीत वाळत घातलेल्या मिरच्यांवर कुणीतरी जुनं लुगडं टाकत होतं. जगन अस्वस्थ होऊन या पायावरून त्या पायावर होत होता.

“वहिनी, निदान तू तरी थांबायचंस आत. कंपनी तुझी आहे. उद्या बोटवाल्यांचा माणूस येऊन विचारेल, मालात काय काय आहे, तर काय सांगशील?”

आतून मुसळाचा पहिला ठोका पडला. मग दुसरा. थोड्या वेळाने दुर्गाचा आवाज आला, कुणालातरी दटावणारा, आणि त्यावर रोझचं खरखरीत हसणं. गुणवंतीने पदराने घाम पुसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला भूक लागली होती.

“सांग ना, काय घातलं असेल आत?” जगनने पुन्हा विचारलं.

“मला काय ठाऊक?” गुणवंती म्हणाली. “मी नुसती मालकीण.”